जुन्या मोटारीतील चार्जिंग यंत्रणा आणि दोषनिदानाची परंपरा : कोल्हापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कोल्हापूरच्या औद्योगिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने राजर्षी शाहू महाराजांचे औद्योगिक धोरण, शाहू मिल, गुळाची बाजारपेठ, चित्रपट व्यवसाय, ऑईल इंजिन आणि ओतकाम उद्योग या विषयांभोवती झालेले आढळते. हे लेखन मोलाचे आहे. तथापि ते मुख्यतः उत्पादनाचा इतिहास सांगते. वस्तू निर्माण कशी झाली हे त्यातून समजते, परंतु ती बिघडल्यावर पुन्हा चालू कशी झाली, कोणी केली आणि कोणत्या ज्ञानाच्या आधारे केली, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. वास्तविक ज्या समाजात यंत्रे दीर्घकाळ आयातीवर व परवान्यावर अवलंबून होती, त्या समाजात दुरुस्तीचा इतिहास हा तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा निम्मा भाग होय.

या दृष्टीने मोटारीची चार्जिंग यंत्रणा हा अभ्यासाचा अत्यंत उपयुक्त विषय ठरतो. इंजिनातील बिघाड कानाला ऐकू येतो, हाताला जाणवतो, धुराच्या रंगावरून ओळखता येतो. विद्युत्प्रवाह मात्र दिसत नाही. त्याचे अस्तित्व काट्यावरून, दिव्यावरून किंवा परिणामावरूनच ताडावे लागते. म्हणून 'बॅटरी का उतरते?' या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना कारागिराला अनुमानाची एक शिस्त अंगी बाणवावी लागली. ही शिस्त लिखित ग्रंथांपेक्षा गुरुशिष्य पद्धतीने टिकली, आणि म्हणूनच आज ती लोप पावण्याचा धोका आहे. प्रस्तुत निबंधात या शिस्तीचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) मोटारीतील डायनामो, कटआउट, रेग्युलेटर व अल्टरनेटर यांच्या विकासाचा संक्षिप्त आढावा घेणे.
२) अँपिअर-मापक, इशारा-दिवा व व्होल्ट-मापक यांतील बदलांमुळे दोषनिदानाचे ज्ञान कोणाकडून कोणाकडे सरकले, हे तपासणे.
३) कोल्हापूरच्या कारागिरी परंपरेच्या संदर्भात या ज्ञानाचे स्वरूप व त्याच्या जतनाचा प्रश्न स्पष्ट करणे.

यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, यंत्ररचना हेच एक ऐतिहासिक साधन मानले आहे.

कोल्हापूरची पार्श्वभूमी

इ. स. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसविण्यात आली, तर १९०६ मध्ये शाहू मिलची स्थापना झाली. यंत्र, वाफ आणि लोखंड यांच्याशी कोल्हापूरच्या सुतार-लोहार समाजाचा परिचय या काळात दृढ झाला. परदेशी यंत्र पाहावे, उकलावे आणि त्याची जोड येथेच तयार करावी ही वृत्ती पुढे अनेक क्षेत्रांत दिसून येते. बाबूराव पेंटर यांनी १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली आणि परदेशी कॅमेऱ्याच्या रचनेचा अभ्यास करून स्वदेशी कॅमेरा घडविला, ही घटना केवळ चित्रपटाच्या इतिहासात नव्हे, तर कारागिरीच्या इतिहासातही महत्त्वाची आहे.

मोटार ही प्रारंभी राजवाड्याची व मोजक्या धनिकांची वस्तू होती. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतील (१९२२-१९४०) मेबॅक ही जर्मन बनावटीची मोटार आजही दसऱ्याच्या शाही सोहळ्यात दसरा चौकात येते आणि करवीरवासीयांच्या कौतुकाचा विषय होते. या गाडीकडे वैभवाचे प्रतीक म्हणून पाहिले जाते. परंतु आठ-नऊ दशके उलटल्यानंतरही अशी गाडी स्वतःच्या चाकांवर चालते, याचा अर्थ पिढ्यान्पिढ्या कोणीतरी तिची देखभाल केली आहे. इतिहासकाराचे लक्ष त्या अनामिक हातांकडे जाणे आवश्यक आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आयातीवर मर्यादा आल्या आणि शेतीपंपासाठी लागणाऱ्या ऑईल इंजिनांची बांधणी कोल्हापुरात वाढीस लागली. शिवाजी उद्यमनगर व पुढे वाय. पी. पोवारनगर या परिसरांत लेथ, ओतशाळा व सुटे भाग बनविणारे कारखाने उभे राहिले. नंतर शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींनी त्याचा विस्तार केला. येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावी लागते. संथ गतीचे ऑईल इंजिन हँडल फिरवून चालू होते. त्यास ठिणगी लागत नाही, बॅटरी लागत नाही, सेल्फही लागत नाही. त्यामुळे या इंजिनावर तयार झालेला मेस्त्री पिस्टन, बेअरिंग व नोझल यांत निष्णात असला, तरी मोटारीची वीज ही त्याच्या दृष्टीने स्वतंत्र विद्या होती. गॅरेजमध्ये 'मेकॅनिक' आणि 'वायरमन' अशी जी श्रमविभागणी रूढ झाली, तिचे मूळ या फरकात आहे. मात्र वाइंडिंगच्या बाबतीत दोन्ही विद्या एकत्र आल्या. शेतीपंपाची जळालेली मोटर पुन्हा गुंडाळणे आणि डायनामोचे आर्मेचर पुन्हा गुंडाळणे ही कामे तत्त्वतः एकाच जातीची होत. उसाच्या पट्ट्यातील पाणीउपशाने वाढविलेले हे कसब मोटारीच्याही उपयोगी पडावे, हे स्वाभाविक होते.

डायनामोपासून अल्टरनेटरपर्यंत

मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये विद्युत्चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला आणि गॅस्टन प्लान्टे यांनी १८५९ मध्ये पुन्हा भारित करता येणारी शिसे-आम्ल बॅटरी तयार केली. मोटारीची चार्जिंग यंत्रणा म्हणजे या दोन शोधांचा संयोग होय. प्रारंभीच्या मोटारींना त्याची गरज नव्हती. ठिणगीसाठी मॅग्नेटो, दिव्यासाठी कार्बाइड वायू किंवा तेल आणि चालू करण्यासाठी हँडल एवढ्यावर काम भागत असे. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत् सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसविण्यात आला आणि परिस्थिती पालटली. सेल्फला मोठा प्रवाह लागतो. तो बॅटरीच देऊ शकते. आणि बॅटरी पुन्हा भरण्यासाठी डायनामो आवश्यक ठरतो.

डायनामोची मुख्य अडचण अशी की त्याचा दाब इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतो. त्यावर प्रथम 'तिसरा कार्बन' ही युक्ती योजली गेली. १९२८ ते १९३१ दरम्यानच्या फोर्ड मॉडेल ए मोटारीत ही रचना होती. तिसरा कार्बन पुढेमागे सरकवून चार्जिंगचे प्रमाण हातानेच ठरवावे लागे. रात्रीचा प्रवास अधिक असेल तर प्रवाह वाढवावयाचा आणि दिवसाचा लांबचा प्रवास असेल तर तो कमी करावयाचा, अशी ही पद्धत होती. म्हणजेच नियमनाचे काम यंत्र नव्हे तर माणूस करीत होता. १९३० च्या दशकात कंप पावणाऱ्या संपर्कबिंदूंचे रेग्युलेटर प्रचारात आले आणि हे काम डबीतील स्प्रिंग व वेटोळ्यांकडे गेले. त्याच डबीतील कटआउट हा डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा अधिक झाल्यावर दोहोंना जोडी आणि दाब उतरताच तोडी. तसे न झाल्यास बॅटरीचा प्रवाह उलट डायनामोत जाऊन वाइंडिंग जळण्याचा धोका असे.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय रस्त्यांवरील गाड्यांची विविधता कमी झाली. १९५३ च्या धोरणानुसार टप्प्याटप्प्याने देशी उत्पादन करण्याची योजना नसलेल्या परदेशी जुळणी कंपन्यांना येथून जावे लागले. उरल्या त्या मुख्यतः हिंदुस्थान मोटर्स, वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स, मद्रासची स्टँडर्ड आणि जीप बनविणारी महिंद्र कंपनी. १९६१ मध्ये मद्रास येथे लुकास-टीव्हीएस कंपनीची स्थापना झाली आणि डायनामो, सेल्फ यांसारखी विद्युत् सामग्री देशात तयार होऊ लागली. परिणामी अँबॅसिडर किंवा फियाट यांच्या एका विशिष्ट रचनेवर कारागिरांच्या दोन-तीन पिढ्या घडल्या. परवाना राज्याचे जे दोष सांगितले जातात ते खरेच आहेत. परंतु दीर्घकाळ न बदललेल्या यंत्रामुळे दुरुस्तीचे ज्ञान खोलवर मुरले, हा त्याचा अनपेक्षित परिणामही नोंदविला पाहिजे.

पाश्चात्त्य देशांत सिलिकॉन डायोड स्वस्त झाल्यावर १९६० पासून क्रायस्लर कंपनीने आपल्या गाड्यांत अल्टरनेटर वापरण्यास प्रारंभ केला. अल्टरनेटरमध्ये चुंबकक्षेत्र फिरते आणि मुख्य वेटोळी स्थिर राहतात. निर्माण होणारा प्रत्यावर्ती प्रवाह डायोडमधून एकदिश होतो. डायोड उलट दिशेने प्रवाह जाऊ देत नाहीत, म्हणून कटआउटची आवश्यकता उरत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इंजिन संथ चालत असतानाही अल्टरनेटर काही प्रमाणात चार्जिंग करतो. डायनामो ते जवळजवळ करीत नाही. हा फरक कोल्हापूरच्या भूगोलात सहज समजतो. गगनबावड्याकडील किंवा आंबा घाटात खालच्या गिअरमध्ये, वाढलेल्या वेगाने चालणारे इंजिन डायनामोला भरपूर फिरवते. महाद्वार रोडच्या गर्दीत दिवे लावून रेंगाळणारी तीच गाडी बॅटरी रिती करते. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली, तेव्हापासून अल्टरनेटर हा भारतीय मध्यमवर्गाच्या मोटारीचा सामान्य घटक बनत गेला.

काट्याचा इतिहास : अँपिअर, दिवा आणि व्होल्ट

यंत्र बदलले तसे त्याचे 'मुख'ही बदलले. जुन्या गाड्यांत अँपिअर-मापक असे. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीप सहा व्होल्टची होती आणि तिच्या डॅशबोर्डवर असा मापक होता. मध्यभागी शून्य, एका बाजूस भरणा व दुसऱ्या बाजूस उपसा अशी त्याची रचना एखाद्या खतावणीसारखी असते. गाडी सुरू केल्यावर काटा भरण्याच्या बाजूस झुकतो आणि सेल्फने खर्चलेली वीज परत मिळाली की हळूहळू शून्याकडे येतो. हे शून्य म्हणजे चार्जिंग बंद पडल्याचे लक्षण नव्हे, तर हिशेब जुळल्याचे लक्षण आहे. हे न उमगल्याने निरोगी डायनामो उतरविण्याची चूक अननुभवी हातून होते.

अँपिअर-मापकातून सेल्फ वगळता गाडीचा जवळजवळ सर्व प्रवाह जातो. त्यासाठी जाड तारा डॅशबोर्डपर्यंत आणाव्या लागतात आणि जोड सैल झाल्यास तेथे उष्णता निर्माण होते. डायनामोच्या सुमारे वीस-बावीस अँपिअरपर्यंत हे निभावले. अल्टरनेटरची क्षमता पस्तीस, पंचेचाळीस अँपिअर अशी वाढत गेल्यावर ही पद्धत गैरसोयीची ठरली आणि मापक मागे पडला.

दरम्यान स्वस्त पर्याय म्हणून लाल इशारा-दिवा आला. त्याची रचना कल्पक आहे. दिव्याच्या एका टोकास बॅटरीचा आणि दुसऱ्या टोकास डायनामोचा दाब मिळतो. दोन्ही समान झाले की तो विझतो. परंतु येथेच त्याची मर्यादा आहे. दिवा तुलना करतो, मोजमाप करीत नाही. तो विझला याचा अर्थ दोन्ही बाजूंचा दाब सारखा आहे एवढाच. तो दाब पुरेसा आहे किंवा अति आहे, हे त्यावरून कळत नाही. अनेक अल्टरनेटरमध्ये तर या दिव्यातून जाणारा अल्प प्रवाहच चुंबकक्षेत्राला आरंभीची चेतना देतो. त्यामुळे दिव्याची तार तुटल्यास इंजिनाचा वेग बराच वाढेपर्यंत चार्जिंग सुरूच न होणे शक्य असते. खबर देणाराच मूक झाल्याने काम थांबावे, असा हा प्रकार आहे.

१९७० च्या दशकात अनेक गाड्यांत व्होल्ट-मापक आला. तो प्रवाह नव्हे, दाब दाखवितो. त्याचे वाचन शिकावे लागते. इंजिन बंद असताना पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ मारताना काटा दहाच्या आसपास उतरतो. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान स्थिरावतो. ब्रिटिश गाड्यांत द्विधातू पट्टीवर चालणारे मापक असत. प्रवाहाने पट्टी तापते, वाकते आणि काटा सरकतो. असा काटा संथ असतो व क्षणिक चढउतार दाखवीत नाही. तापमान व इंधन यांच्या मापकांना स्थिर दाब देणारा स्टॅबिलायझर जोडलेला असतो. व्होल्ट-मापकास तो जोडत नाहीत, कारण दाबातील बदल दाखविणे हेच त्याचे काम आहे.

या तीन टप्प्यांतून एक ऐतिहासिक दिशा स्पष्ट होते. तिसरा कार्बन व अँपिअर-मापक यांच्या काळात चालकाला यंत्रणेचे ज्ञान असणे अपरिहार्य होते. दिव्याने चालकाला केवळ 'ठीक' आणि 'बिघाड' एवढीच दोन उत्तरे दिली. तपशील मेस्त्रीकडे गेला. आजच्या गाड्यांत संगणकीय नियंत्रक गरजेनुसार चार्जिंगचा दाब कमी-अधिक करतो, त्यामुळे एकाच ठरावीक आकड्यावरून निदान करणे मेस्त्रीलाही कठीण झाले आहे. ज्ञान उत्पादकाच्या स्कॅनरमध्ये गेले आहे.

दोषनिदानाची शिस्त

जुन्या मोटारीच्या चार्जिंग दोषाचे निदान हे मूलतः वगळण्याचे शास्त्र आहे. 'काटा खाली आहे' ही तक्रार आल्यावर चार शक्यता संभवतात : बॅटरी दोषी आहे, डायनामो किंवा अल्टरनेटर दोषी आहे, रेग्युलेटर दोषी आहे, अथवा हे सर्व निर्दोष असून तारा किंवा स्वतः मापक दोषी आहे. कुशल कारागीर शेवटच्या शक्यतेपासून प्रारंभ करतो, कारण ती तपासण्यास खर्च लागत नाही.

पहिली पायरी म्हणजे काट्याचीच साक्ष तपासणे. दुसरा विश्वसनीय मीटर थेट बॅटरीच्या दोन खांबांवर लावला आणि तेथे १४ व्होल्ट मिळाले, तर चार्जिंग व्यवस्थित असून खोटे बोलतो आहे तो डॅशबोर्डचा काटा. मग मापकाची अर्थिंग, स्विचमधील झिजलेला संपर्क किंवा फ्युजवरील गंज यांचा शोध घ्यावयाचा. इंधन व तापमान यांचेही काटे एकाच वेळी भरकटले असतील, तर दोष प्रत्येक मापकात वेगवेगळा नसून त्यांच्या सामाईक अर्थिंगमध्ये किंवा पुरवठ्यात असतो. कोल्हापूरच्या दीर्घ पावसाळ्यात बॉडीशी जोडलेले अर्थिंगचे स्क्रू गंजतात आणि नेमके त्याच दिवसांत वायपर व दिवे यांचा भार वाढतो. म्हणून या तपासणीचे महत्त्व अधिक आहे.

दुसरी पायरी बॅटरीची. हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्यातील आम्लाची घनता पाहतात. पूर्ण भरलेल्या कप्प्यात ती सुमारे १.२८ असते. सर्व कप्पे सारखेच उतरले असतील तर बॅटरी उपाशी आहे; एकच कप्पा उतरला असेल तर ती आजारी आहे. उपाशी आणि आजारी यांतील हा भेद खर्चाच्या दृष्टीने निर्णायक ठरतो. टर्मिनलवरील पांढरा-हिरवा क्षार, सैल पट्टा आणि इंजिन व चासी यांना जोडणारी अर्थिंगची वेणी याच टप्प्यावर पाहतात. इंजिन वेगात असताना डायनामोचा खांब व बॅटरीचा खांब यांत अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक आढळल्यास वाटेत कोठेतरी अडथळा आहे.

तिसरी पायरी डायनामो वेगळा काढून तपासण्याची. लुकास पद्धतीच्या डायनामोवर 'डी' व 'एफ' असे दोन खांब असतात. त्यांवरील तारा सोडवून दोन्ही खांब एकमेकांस जोडावयाचे आणि तेथून अर्थिंगपर्यंत मीटर लावून इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावयाचा. दाब न अडखळता चढला तर डायनामो निर्दोष. तो वीस व्होल्टांच्या पुढे जाऊ देत नाहीत. मीटर काहीच दाखवीत नसेल तर कार्बन पाहावेत. अर्धा ते एक व्होल्ट दिसत असेल तर तो केवळ लोखंडात उरलेल्या चुंबकत्वाचा दाब होय, म्हणजे फिल्ड वाइंडिंगवर संशय घ्यावा. चार-पाच व्होल्टांवर काटा अडकत असेल तर आर्मेचर दोषी असण्याची शक्यता अधिक. एका मीटरवरील तीन वाचनांतून तीन निराळ्या अवयवांपर्यंत पोहोचणारी ही चाचणी तर्कशुद्धतेचा उत्तम नमुना आहे.

चौथी पायरी रेग्युलेटरची. डायनामो निर्दोष असून गाडीत चार्जिंग होत नसेल, तर दोष डबीत किंवा तिच्या तारांत असतो. उलट दाब पंधरा व्होल्टांच्या पुढे जात असेल, तर बॅटरीचे पाणी लवकर आटते आणि दिव्यांचे बल्ब वारंवार उडतात. ग्राहक 'बल्ब टिकत नाहीत' अशी तक्रार घेऊन येतो आणि जाणकार वायरमन रेग्युलेटरच्या डबीची अर्थिंग तपासतो, तेव्हा लक्षण व कारण यांतील अंतर त्याने मनातच पार केलेले असते.

ध्रुवांचा प्रश्न हा या विद्येतील आणखी एक ऐतिहासिक स्तर आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक अर्थिंगला जोडलेले असे; नंतर ऋण टोक जोडण्याची पद्धत स्थिरावली. डायनामोचे ध्रुव त्याच्या उरलेल्या चुंबकत्वावर ठरत असल्याने फिल्डला क्षणभर बॅटरी लावून ते पालटता येतात. अल्टरनेटरला मात्र बॅटरी उलट जोडल्यास डायोड तत्काळ निकामी होतात.

परंपरेची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार सोडावयाची आणि गाडी बंद पडते की नाही ते पाहावयाचे, ही चाचणी डायनामोच्या काळात सर्रास केली जाई. तेव्हाही ती निर्धोक नव्हती. अल्टरनेटरच्या बाबतीत तर तार सुटताच दाब उसळून डायोड व रेग्युलेटर जळू शकतात. तरीही ही सवय यंत्र बदलल्यानंतरही टिकून राहिली. अनुभवजन्य ज्ञानाला त्यामागील तत्त्वाची जोड नसेल, तर कालची हुशारी आजचे नुकसान कशी ठरते, याचे हे बोलके उदाहरण होय.

ज्ञानाचे जतन : एक प्रश्न

या विषयाला आज केवळ पुराणवस्तूप्रेमाचे नव्हे, तर व्यावहारिक महत्त्वही आहे. अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून हद्दपार झाली. २०२१ मध्ये केंद्र शासनाने जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मालिका सुरू केली. अशा वाहनांना प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन व देखभाल या कारणांसाठी रस्त्यावर येता येते.

'मूळ स्वरूप' या अटीत प्रस्तुत विषयाचा गाभा आहे. डायनामो काढून अल्टरनेटर बसविला की गाडी निर्धास्तपणे चालते आणि मालकाची सोय होते, यात शंका नाही. परंतु त्याबरोबर कटआउट, रेग्युलेटर व मूळ काटा यांचे परस्परसंबंधही नाहीसे होतात. वस्तू उरते, तिची भाषा उरत नाही. याउलट मूळ यंत्रणा टिकवावयाची तर डायनामोची चाचणी करू शकणारा, रेग्युलेटरचे अंतर कागदाच्या घडीइतक्या बारकाईने जुळवू शकणारा माणूस हवा. आजच्या व्यवसाय प्रशिक्षणात आधुनिक वाहनांची विद्युत् प्रणाली शिकविणे हेच स्वाभाविकपणे प्राधान्याचे आहे. जुन्या पद्धतीचे ज्ञान वयस्क कारागिरांपाशी आहे आणि ते बहुतांशी अलिखित आहे.

दुसरा मुद्दा आर्थिक न्यायाचा आहे. निदानाची शिस्त लोपली की 'भाग बदलणे' हेच निदान बनते. सैल अर्थिंगसाठी नवी बॅटरी, गंजलेल्या फ्युजसाठी नवा अल्टरनेटर असा खर्च ग्राहकाच्या माथी येतो. जुनी जीप किंवा टेंपो चालवून उदरनिर्वाह करणाऱ्यास हा भार लहान नसतो. एक मीटर आणि अर्ध्या तासाचा विचार यांनी जे वाचते, ते त्याच्या मिळकतीतून वाचते.

कोल्हापुरात अभियांत्रिकी महाविद्यालये, तंत्रनिकेतन, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि १९६२ मध्ये स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ अशी शैक्षणिक साखळी उपलब्ध आहे. इतिहास विभागाने मौखिक इतिहासाची पद्धत, मराठी विभागाने गॅरेजच्या परिभाषेचा संग्रह आणि अभियांत्रिकी विभागाने चाचण्यांची तांत्रिक पडताळणी असे संयुक्त कार्य हाती घेतल्यास या ज्ञानाची विश्वसनीय नोंद होऊ शकेल. 'बॅटरी बसली', 'कार्बन चिकटले', 'डायनामो उचलत नाही' यांसारखे शब्दप्रयोग हे केवळ बोलीचे नमुने नाहीत. त्या प्रत्येकात एक निरीक्षण व एक अनुमान साठविलेले आहे.

निष्कर्ष

१) मोटारीच्या चार्जिंग यंत्रणेचा विकास म्हणजे नियमनाचे काम माणसाकडून स्प्रिंगकडे, स्प्रिंगकडून अर्धवाहकाकडे आणि तेथून संगणकीय नियंत्रकाकडे सरकण्याचा इतिहास आहे.
२) अँपिअर-मापक, इशारा-दिवा व व्होल्ट-मापक हे समान माहिती देत नाहीत. प्रत्येकाच्या मर्यादा न जाणता केलेले वाचन चुकीच्या निदानास कारणीभूत होते.
३) दीर्घकाळ न बदललेल्या देशी गाड्यांमुळे भारतीय कारागिरांत दोषनिदानाची सखोल परंपरा निर्माण झाली. कोल्हापुरात तिला ऑईल इंजिन, ओतकाम व शेतीपंप यांच्या कारागिरीची पार्श्वभूमी लाभली.
४) ही परंपरा सर्वस्वी निर्दोष नव्हती. तत्त्वज्ञानाची जोड नसलेल्या काही सवयी नव्या यंत्रांस घातक ठरल्या. म्हणून तिचे जतन चिकित्सेसह व्हावे.
५) २०२१ च्या नियमदुरुस्तीमुळे जुन्या वाहनांना कायदेशीर स्थान मिळाले असले, तरी त्यांना मूळ स्वरूपात चालते ठेवणाऱ्या ज्ञानाची नोंद अद्याप व्हावयाची आहे. ते ज्ञान धारण करणारी पिढी कार्यरत आहे तोपर्यंतच ती होऊ शकते. वस्तुसंग्रहालयातील काटा पुढेही दिसत राहील, पण तो काय सांगतो हे वाचणारे त्यानंतर मिळणार नाहीत.